टीएमटी: पट्ट्यावरच्या नऊ मिनिटांचे पैसे वसूल होतात का?

पावतीवर 'टीएमटी', दरवाज्यावरच्या पाटीवर 'कॉम्प्युटराइज्ड स्ट्रेस टेस्ट' आणि घरी आल्यावर 'मला पट्ट्यावर पळवलं'. तिन्ही एकच: ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी. नावातल्या स्ट्रेसचा मनाच्या ताणाशी काही संबंध नाही. ताण पडतो हृदयाच्या स्नायूवर, आणि तो पाडायला पायांची मदत घेतात. झोपून काढलेला ईसीजी अगदी निर्दोष असलेल्या माणसाचीही एखादी रक्तवाहिनी सत्तर टक्के अरुंद असू शकते, कारण आडवं पडलेल्या हृदयाला लागतं तेवढं रक्त त्या चिंचोळ्या वाटेनंही पोचतं. चढ लागला, मागणी वाढली, की पुरवठा तोकडा पडतो आणि ग्राफमधला एक ठरावीक भाग खाली सरकतो. ते सरकणं पकडण्यासाठी ही सगळी खटपट.

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत डायग्नोस्टिक सेंटरमध्ये ही तपासणी साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत होते, कॉर्पोरेट हॉस्पिटलात त्याहून जास्त लागतात, धर्मादाय रुग्णालयांत कमी. यंत्र सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच: एक चढणारा पट्टा, एक स्क्रीन, एक प्रिंटर. दर्जा ठरतो यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसावर. म्हणून रेटिंग द्यायचंच झालं तर तपासणीला पाचपैकी चार, आणि ती जशी उरकली जाते त्याला सरासरी अडीच.

आधी ती कोणी घ्यावी ते बघू. चालताना, जिना चढताना छातीत दाटतं, जबडा किंवा डावा हात भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, आणि विश्रांतीचा ईसीजी वाचण्याजोगा आहे, अशा माणसासाठी टीएमटी उत्तम. स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. अँजिओप्लास्टीनंतर पुन्हा तक्रार सुरू झाली असेल किंवा हृदयविकारानंतर किती व्यायाम झेपेल हे ठरवायचं असेल, तरीही उपयोगी. पण पस्तिशीतल्या, काहीही तक्रार नसलेल्या माणसाच्या 'एक्झिक्युटिव्ह चेकअप'मध्ये ती कोंबलेली असते, तिथे आमचं मत वेगळं आहे. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की कमी धोक्याच्या, तक्रार नसलेल्या प्रौढांमध्ये चाळणी म्हणून ईसीजी किंवा व्यायामाचा ईसीजी करू नये. कारण साधं आहे: ज्याला आजार असण्याची शक्यताच कमी, त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो खोटा असण्याचीच शक्यता जास्त. पॅकेजमध्ये 'फुकट' मिळालेली टीएमटी मग अँजिओग्राफीच्या टेबलापर्यंत नेते.

काहींनी पट्ट्यावर चढूच नये. नुकताच झटका येऊन दोन दिवसही झाले नाहीत, बसल्या बसल्या छातीत दुखतंय, महाधमनीची झडप अतिशय अरुंद होऊन चक्कर येते, हृदय निकामी होऊन पाय सुजलेत, फुप्फुसात गुठळी आहे, हृदयाच्या आवरणाला किंवा स्नायूला सूज आहे: यातलं काहीही असेल तर चाचणी पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. विश्रांतीचं बीपी २००/११० च्या वर असेल तरी त्या दिवशी नको. म्हणूनच बरीच चांगली सेंटर्स आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून झडपा बघून घेतात. त्याचे वेगळे पैसे पडतात, पण हा खर्च वायफळ नाही. स्टेथोस्कोप न लावता थेट पट्ट्याकडे बोट दाखवणारं सेंटर असेल तर तिथून निघून यावं.

दुसरा गट असा, की चालायला हरकत नाही पण ग्राफ वाचता येत नाही. डावा बंडल ब्रँच ब्लॉक किंवा डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयातल्या विजेच्या वाटेतले दोष), पेसमेकर, विश्रांतीतच एक मिलिमीटरहून जास्त खाली असलेला एसटी भाग (सुरुवातीला सांगितलेला, ग्राफमधला सरकणारा भाग). डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या गोळ्याही ग्राफ असाच बिघडवतात. यांना नुसती टीएमटी करणं म्हणजे धुक्यात फोटो काढणं. यांच्यासाठी स्ट्रेस इको (ताण देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी) किंवा थॅलियम स्कॅन (किरणोत्सर्गी द्रव्य टोचून हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन). आणि ज्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, त्यांना पट्ट्याऐवजी औषधाने हृदयाचा वेग वाढवून करायची डोब्युटामिन इको असते. गुडघेदुखीने चौथ्या मिनिटाला थांबलेल्या टीएमटीतून हृदयाबद्दल फार थोडं कळतं, बिल मात्र पूर्ण लागतं.

तयारीच्या बाबतीत फोनवर 'उपाशी या' एवढंच सांगतात. ते अर्धवट आहे. दोन-तीन तास आधीपर्यंत हलका नाश्ता चालतो. उपमा, पोहे, इडली. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी, रात्रभर उपाशी राहून पट्ट्यावर चढणं धोक्याचं: साखर घसरली की घाम, धडधड आणि चक्कर येते, आणि तीच लक्षणं हृदयाची समजून चाचणी थांबवली जाते. डोस किती घ्यायचा ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठरवा. सिगारेट, तंबाखू त्या दिवशी बंद.

गोळ्यांचा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर मंडळी नाडी वाढूच देत नाहीत. आजार आहे की नाही हे शोधायचं असेल तर डॉक्टर त्या एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. आजार माहीत आहे आणि औषध पुरेसं आहे का एवढंच बघायचं असेल तर चालू ठेवूनच चाचणी करतात. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. पण रिसेप्शनवरची मुलगी सरसकट 'सगळ्या गोळ्या बंद' सांगते, आणि कोणी स्वतःच्या मनाने बीटा ब्लॉकर एकदम तोडला तर बीपी उसळून छातीत दुखणं वाढू शकतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. आणखी एक गोष्ट, जी लाजेखातर कोणी सांगत नाही: सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) किंवा टाडालाफिल ही लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर टेक्निशियनला सांगाच. पट्ट्यावर छाती दुखली की पहिला उपाय म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) देतात, आणि सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास ते दिलं तर बीपी कोसळतं.

कपड्यांचं. पुरुषांनी ट्रॅक पँट, स्त्रियांनी पुढून उघडणारा सैल शर्ट किंवा कुर्ता आणि खाली सलवार किंवा ट्रॅक पँट. साडीत चालता येत नाही असं नाही, पण दुसऱ्या टप्प्यात निऱ्या सांभाळाव्या की पट्ट्याच्या यंत्राची दांडी धरावी हा प्रश्न पडतो. लांब मंगळसूत्र, चेन काढून ठेवा. ती इलेक्ट्रोडवर (ग्राफसाठी अंगाला चिकटवलेल्या चकत्यांवर) आपटते आणि प्रत्येक आपटीचा ग्राफवर एक काटा उमटतो. पायात बूट हवेत. कित्येक ठिकाणी चपला काढून अनवाणी चालवतात, ते बरोबर नाही. पट्टा गरम होतो, घसरायला होतं आणि हृदयाआधी तळपाय हार मानतो. अंगाला तेल, पावडर, लोशन लावून जाऊ नका. दिवाळीत अभ्यंगस्नान करून अपॉइंटमेंटला गेलात तर इलेक्ट्रोड चिकटणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

आता खोलीच्या आत. दहा इलेक्ट्रोड लागतात. नेहमीच्या ईसीजीत चार हातापायांना असतात, इथे ते खांद्याखाली आणि पोटावर आणून लावतात, नाहीतर चालताना हात हलले की ग्राफ नाचतो. सहा छातीवर. पुरुषांच्या छातीवरचे केस त्या ठिकाणांपुरते काढतात, मग स्पिरिटने किंवा खरखरीत कागदाने त्वचा घासतात. जरा चुरचुरतं. ते घासणं टाळणारा टेक्निशियन दयाळू नसतो, आळशी असतो: पाचव्या मिनिटाला घाम सुटला की इलेक्ट्रोड सुटतात आणि नेमका महत्त्वाचा भाग कचरा होतो. तारा कमरपट्ट्याने बांधलेल्या हव्यात. स्त्रियांसाठी महिला टेक्निशियन किंवा सोबत महिला कर्मचारी मागणं हा नखरा नव्हे. अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं.

चढण्यापूर्वी आडवं पडून, उभं राहून आणि बऱ्याच ठिकाणी अर्धा मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावून असे वेगवेगळे ग्राफ काढतात. शेवटच्याचं कारण असं की काहींचा ग्राफ नुसत्या जोराच्या श्वासानेही बदलतो, आणि ते आधी माहीत असलेलं बरं. मग संमतीपत्रावर सही. त्यात मृत्यूचा उल्लेख वाचून घाबरायला होतं; धोका दहा हजार चाचण्यांमागे एक मृत्यू इतपत मानला जातो. तो आकडा लहान ठेवायला खोलीत चालू स्थितीतला डिफिब्रिलेटर (बंद पडणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), ऑक्सिजन आणि औषधांचा ट्रे लागतो, आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर. सही करण्याआधी 'डॉक्टर कुठे आहेत?' असा प्रश्न सरळ विचारा. 'सर संध्याकाळी येऊन रिपोर्ट बघतात' हे उत्तर आलं तर सही करू नका.

पट्टा चालतो तो बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉलने. सिअ‍ॅटलचे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही पद्धत साठ वर्षांनंतरही जवळजवळ तशीच आहे. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर चाललात तर दहा मीटर वर. वेग कासवाचा, पण चढ घाटाचा. दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के. तिसऱ्यात साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. इथे सिंहगड चढताना लागते तशी धाप लागते आणि बहुतेक मध्यमवयीन मंडळी याच टप्प्यात कुठेतरी थांबतात. चौथ्यात ६.७ किलोमीटर आणि १६ टक्के, म्हणजे चालणं संपून पळणं सुरू. वयस्कर किंवा अशक्त माणसासाठी सुधारित ब्रूस असतो, त्यात सुरुवातीला तोच मंद वेग पण आधी शून्य आणि मग ५ टक्के चढ. सत्तरीच्या आजींना थेट मूळ ब्रूसवर चढवून तीन मिनिटांत 'दमल्या' असं लिहिणारी सेंटर्स कमी नाहीत. मागितलं तर बटण बदलतात.

टप्पा बदलताना पट्टा किंचित झटका देतो, तेव्हा टेक्निशियनने 'आता वेग वाढतोय' असं सांगायला हवं. नजर पायांकडे नको, समोर ठेवा. पावलं लांब टाका, पट्ट्याच्या पुढच्या बाजूला राहा. दांडीला फक्त बोटं टेकवा. दांडी घट्ट धरून लटकलात तर वजन हातांवर येतं, वेळ वाढते आणि रिपोर्टमधली क्षमता खरी असते त्याहून फुगलेली दिसते. वर मुठी आवळल्याने ग्राफमध्ये स्नायूंची थरथर येते ती वेगळीच. दर टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात बीपी घ्यायला हवं. हाताला कफ बांधलेला आहे पण फुगवलाच नाही, आणि रिपोर्टवर मात्र १४०, १५०, १६० असे गोल आकडे, हा प्रकार जितका सर्रास आहे तितकाच आक्षेपार्ह. वरचं बीपी व्यायामासोबत वाढायला हवं. ते घसरू लागणं ही सगळ्यात गंभीर खुणांपैकी एक आहे, आणि मोजलंच नाही तर ती दिसणार कशी?

छातीत दाटलं, चक्कर आली, पायात गोळे आले, तर लगेच सांगा. 'अजून एक मिनिट' म्हणत दात आवळून चालण्यात शौर्य नाही, पण नुसती धाप लागली म्हणून दुसऱ्या मिनिटाला हात वर करण्यातही अर्थ नाही. तुम्ही कधीही थांबवू शकता. डॉक्टर आपणहून थांबवतात ते ग्राफमध्ये धोक्याचे ठोके दिसले, एसटी भाग वर उचलला गेला, बीपी कोसळलं किंवा २५०/११५ च्या पलीकडे गेलं तर.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज. २२० मधून वय वजा करायचं, त्याचे ८५ टक्के काढायचे, आणि नाडी तिथे पोचली की पट्टा बंद. बावन्न वर्षांच्या माणसासाठी १६८ चे ८५ टक्के म्हणजे १४३. स्क्रीनवर 'टार्गेट अचीव्हड' झळकतं आणि पुढचा पेशंट आत येतो. पण २२० वजा वय हा ढोबळ हिशोब आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडचा तिकडे होतो. ८५ टक्के ही किमान रेषा. तिच्या खाली थांबलं तर चाचणी अपुरी. वर जाता येत असेल तर दमेपर्यंत चालवायला हवं, कारण काहींचे बदल १५५ ला दिसतात. रांग मोठी असेल तर हे होत नाही, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्यावी.

थांबल्यावरची मिनिटं चालण्याइतकीच महत्त्वाची. पट्टा एकदम थांबवून उभं केलं तर रक्त पायात साचून डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून तो हळूहळू मंद करतात किंवा लगेच झोपवतात. पुढची सहा ते आठ मिनिटं ग्राफ आणि बीपी चालूच. काहींचे बदल याच काळात पहिल्यांदा दिसतात. शिवाय पहिल्या मिनिटात नाडी बारा ठोक्यांहून जास्त उतरली पाहिजे. त्याहून कमी उतरणं हे वाईट लक्षण मानतात. तारा दुसऱ्याच मिनिटाला काढायला घेतल्या तर 'थांबा' म्हणायला हरकत नाही. घरी गेल्यावर लगेच कढत पाण्याची आंघोळ नको. सगळं मिळून पाऊण ते एक तास.

रिपोर्टात लोक एकच शब्द शोधतात. निगेटिव्ह म्हणजे बरं, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, इनकन्क्लुझिव्ह म्हणजे चाचणीतून ठरवता आलं नाही. एसटी भाग एक मिलिमीटर, म्हणजे ग्राफच्या कागदावरचा एक बारीक चौकोन, सपाट किंवा उतरता खाली गेला तर पॉझिटिव्ह धरतात. खाली जाऊन पुन्हा वर चढत जाणारा एसटी बऱ्याचदा निरुपद्रवी असतो, आणि इथेच कॉम्प्युटर फसतो. यंत्र कित्येक ठोक्यांची सरासरी काढून गुळगुळीत चित्र छापतं. मूळ ग्राफ थरथरता असेल तर सरासरी खोटी निघते. म्हणून मूळ ग्राफच्या कागदी पट्ट्यांसकट पूर्ण रिपोर्ट मागा, एका पानाचा सारांश घेऊन परतू नका.

त्या शब्दापेक्षा आम्ही मिनिटांना जास्त किंमत देतो. सोप्या हिशोबाची एक पट्टी आहे, ड्यूक स्कोअर: ब्रूसवर चाललेली मिनिटं, त्यातून एसटी जितके मिलिमीटर सरकला त्याच्या पाचपट वजा, आणि छाती दुखली पण चालता आलं तर चार, दुखण्यामुळेच थांबावं लागलं तर आठ वजा. नऊ मिनिटं, बदल नाही, दुखणं नाही: अधिक नऊ. अधिक पाच आणि वर म्हणजे कमी धोका. सहा मिनिटं, दोन मिलिमीटर, थोडं दुखलं: सहा वजा दहा वजा चार, उणे आठ, मध्यम. उणे अकरा आणि खाली म्हणजे जास्त धोका, तिथे अँजिओग्राफीची चर्चा लांबवू नये. 'माइल्डली पॉझिटिव्ह' लिहून हा आकडा न देणारा रिपोर्ट अर्धाच आहे.

अचूकतेबद्दल अपेक्षा माफक ठेवा. आजार असलेल्या शंभरांत सुमारे ६८ जण ही चाचणी पकडते, आणि आजार नसलेल्या शंभरांत सुमारे ७७ जणांना योग्य निरोप देते. स्त्रियांमध्ये खोटी पॉझिटिव्ह जास्त. रक्तक्षय, पोटॅशियमची कमतरता, जाड झालेला हृदयाचा स्नायू यांनीही तसं होतं. पन्नाशीतल्या बाईंना दहा मिनिटं आरामात चालून 'पॉझिटिव्ह' मिळालं आणि त्याच दुपारी अँजिओग्राफीची तारीख हाती ठेवली, तर दुसरं मत घ्यावं. मध्ये स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओ (सीटी स्कॅनने रक्तवाहिन्या बघणं) या पायऱ्या आहेत.

उलट बाजूही आहे. 'गेल्या महिन्यात टीएमटी नॉर्मल होती आणि झटका आला' हे ऐकून तपासणीला शिव्या देतात. टीएमटी अरुंद वाट शोधते. रक्तवाहिनीतला तीस-चाळीस टक्के अडथळा करणारा चरबीचा थर रक्ताला अडवत नाही, त्यामुळे ग्राफ स्वच्छ येतो. पण असा थर एखाद्या दिवशी फुटून त्यावर गुठळी बसली की वाट मिनिटांत बंद होते. ते भाकीत पट्टा करत नाही आणि करतो असं सांगणारं ब्रोशर खोटं आहे. निगेटिव्ह रिपोर्ट फायलीत लावून साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूकडे दुर्लक्ष करायची ती परवानगी नव्हे.

जाताना सोबत ठेवायचं ते एवढंच: जुना ईसीजी, चालू गोळ्यांची नावं आणि डोस लिहिलेला कागद, बूट, नॅपकिन, पाण्याची बाटली आणि एक माणूस. पट्ट्यावरून उतरल्यावर स्कूटर स्वतः चालवत घरी जाण्यापेक्षा मागे बसून जाणं बरं.